उणे चार मीटर

दस्तगीरला चिमण्या ऐकू येत नाहीत.
तेवीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत, फेटलिंगला,
कानाशी ग्राइंडर. बारीक आवाज आधी गेले,
मग कुकरची शिट्टी, मग नातीचं किरकिरणं.
म्हणून सेन्सर दाखवताना मी जरा चाचरलोच :
हा वर जाताना टिवटिवतो, खाली येताना कण्हतो.
तो म्हणाला, "मग तूच ऐक. मला काय उपेग?"

उद्यमनगरात माझं पॅटर्नचं दुकान.
शिवणीचा भुसा झटकून
टेबलावर ग्लायडर उताणा घातला.
बाल्साच्या फासळ्या, दोन सर्व्हो, रिसीव्हर,
आणि शेजारी हा नवा, नखाएवढा.
गुजरीत रेंदाळकरांच्या काट्यावर तोलून आणला :
चार ग्रॅम. रेंदाळकर म्हणाले, सोनं हाय काय आत?
नाकातलं शिसं तेवढंच खरवडून काढलं,
नाहीतर नाक जमिनीकडंच बघत राहतं.
तीन वायरी डागल्या. अँटेनाची दोन शेपटं
काटकोनात चिकटवली, बोलणं सोडलेल्या जावांसारखी.
सेन्सरवर स्पंजचा तुकडा, झोत अंगावर येऊ नये म्हणून,
पोटाला सुईएवढं भोक, हवेचं वजन आत कळावं म्हणून.

त्या रात्री ट्रान्समीटरचा मेनू उघडत उघडत
तळाशी एक शब्द सापडला : कंपन.
आवाज शून्यावर नेला.

मसाई पठारावर गवत वाळून भुरं झालेलं.
चार वाजले होते, पश्चिमेचा वारा कड्याला थडकून वर वळत होता.
स्विच दाबला. स्क्रीनवर उंची : शून्य.
ह्या यंत्राला समुद्र माहीत नाही,
जिथं जागं होतं तीच त्याची जमीन.
मी धावत जाऊन फेकला. दस्तगीरच्या हातात काड्या.
बारा. एकोणीस. छत्तीस.
बॅटरी चार पूर्णांक नऊ.
मी आकडे ओरडून सांगत होतो,
आणि तो माझ्याकडं बघतच नव्हता.
तळहात थरथरायला लागले तसा
त्यानं अंगठा हलका केला, डावीकडं वळवला,
थरथर दाट झाली, तिथंच घिरटी धरली.
घार नंतर आली. आमच्या खाली.

"पायरोमीटर आला तवा" तो मध्येच म्हणाला,
"साहेब म्हणले, आता रंग बघायचा न्हाई, आकडा बघायचा.
मी दोन्ही बघायचो.
आकडा चुकला की रंग सांगायचा."

एकदा कड्याच्या कडेखाली गेला.
स्क्रीनवर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा.
हात गप्प. किती वेळ, कुणी मोजला नाही.
दस्तगीरनं काडी हळू ओढून धरली,
जिथं तो असायला हवा होता तिथं बघत.
आधी पंखाचं टोक दिसलं,
आकडे मागाहून आले.

सहाला गवतात उतरवला. पोटाला ओरखडाही नाही.
स्क्रीन म्हणाला : उणे चार मीटर.
दस्तगीरनं पायाखाली बघितलं, टाच आपटली.
"मग आपण कुठं उभारलोय?"
मी ओरडून सांगितलं : हवा जड झाली,
संध्याकाळी होते, सकाळचं शून्य टिकत नाही.
त्याला 'टिकत नाही' एवढंच ऐकू गेलं असावं.
तो म्हणाला, "व्हय."

परतताना मागं बसला, ग्लायडर मांडीवर आडवा,
काहीच बंद करायचं ध्यानात नाही.
वाघबीळ उतरताना उणे शंभर, उणे दोनशे,
आम्ही आपले खोल खोल चाललेलो.
केर्लीच्या पुढं एक लहानसा चढ लागतो,
रोज जाणाऱ्यालाही जाणवत नाही इतका.
तिथं माझ्या पाठीला टेकलेला ट्रान्समीटर
एकदम थरथरला.
"कळलं काय?" दस्तगीर कानाशी ओरडला.
मी मान हलवली. पुढं एक ऊसाचा ट्रॅक्टर होता.