दोन शब्द

खाणीच्या तोंडाशी, सुरुंगाच्या पेटीवर चढून
फ्लोरेन्सियो म्हणाला, "आपण."
आपली भूक. आपला डोंगर.
आपल्याच फुप्फुसांतली ही धूळ.
तराजू खोटा आहे, आपण मोडू.
मोडला. दांडी मीच वाकवली.

आमच्या केचुआत दोन शब्द आहेत :
ऐकणाऱ्याला पोटात घेणारा एक,
त्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारा दुसरा.

कार्निव्हलनंतर नवा तराजू आला, लाल रंगाचा.
फ्लोरेन्सियो सज्जातून बोलला. तोच आवाज,
तेच हात, टाळ्याही तेवढ्याच.
"आम्ही तुमच्यासाठी..."

स्फोटानं एका कानाची बहिरी झालेली सातुर्निना
माझी बाही ओढत राहिली,
काय म्हणाला? काय म्हणाला गं?

टाळीसाठी उचललेले हात मी खाली घेतले,
तिच्या चांगल्या कानाशी वाकले
आणि तेवढा एकच शब्द सांगितला.