मार्चचा फोड

तार्तूच्या तळघरात हिल्ये दिवा मालवते
आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.
काचेवर काल्योच्या कवटीतली गाठ,
पावट्याच्या दाण्यासारखी, जरा वाकडी.
तिथून ओठापर्यंत तंतू गेलेले, केसाहून बारीक.

मारिकाने, लेकीने, अर्जात लिहिलं होतं:
बाबा गोठलेल्या समुद्रावरून ट्रक हाकायचे,
हीउमा बेट ते किनारा.
दर मार्चला बर्फावर ऊन तापलं
की खालच्या ओठावर फोड, डावीकडे.
बाकी तब्येत ठणठणीत.
जागा पुरली नाही, म्हणून पुढचं समासात.

हिल्येला त्याची वाट पाठ आहे.
ओठाच्या कातडीत आठवडाभर दंगा,
मग तंतूचं टोक धरून उलटा, वर,
पेशीच्याच हमालांच्या पाठीवर बसून
थेट गाठीत.
उंबऱ्यावर कवच टाकून नुसता धागा आत सरकतो.
धाग्याची टोकं जुळतात, कडं होतं.
पेशी ते आपल्याच रिळांवर गुंडाळते
आणि तो गप्प.
म्हणजे अगदीच गप्प नाही,
एक ओळ पुटपुटत राहतो
जिचं प्रथिन कधी बनत नाही.
त्या ओळीलाच हिल्येने रंग लावलाय.

ही पेशी दुभंगत नाही, पुन्हा जन्मत नाही.
माणूस आहे तोवर तीच.
पहारेकरी पेशी बाहेर टेकून बसतात,
वर्षानुवर्षं कानोसा घेत.
आत घुसून मारलं तर ओठच बधिर व्हायचा.

हिल्ये ठिपके मोजते. हिरवे.
अकरा.
पुढच्या कापात आणखी एक, असेल-नसेल असा.

जन्मसाल सत्तेचाळीस.
समासात शेवटी, वेगळ्या शाईने:
आजी लिओन्तीनेला एकोणपन्नासच्या मार्चमध्ये नेलं,
सायबेरियाला.
बाबा दोन वर्षांचे, मावशीच्या कडेवर.
आजीचा फोटो नाही.
काही विचारलं असेल तर माफ करा, हे कुणी विचारलं नव्हतं.

कुणाच्या ओठांवरून आला, हे काच सांगत नाही.
मावशी असेल. शेजारीण असेल.
दारात गाडी घरघरत असताना
पोराचा गालगुच्चा घ्यायलाही उसंत न मिळालेली
कुणीतरी असेल.

हिल्ये वहीत बारा लिहिते,
खोडते, अकरा लिहिते, पुन्हा बारा.

हे ठिपके बघण्यानेच विझतात,
जितका प्रकाश तितके फिके.
ती झडप ओढून घेते
आणि अंधारात थोडा वेळ
तशीच बसून राहते.