खरं

आमच्या बेळगुंदीत 'पण' कुणी म्हणत नाही.
'पण'च्या जागी आम्ही 'खरं' म्हणतो.
येतो म्हणालाय, खरं यायचा नाही.
दवाखाना झाला, खरं डॉक्टर नाही.
जन्मभर असंच बोलत आले, कुठं अडलं नाही,
ग्रामीण ठाण्याच्या बाकावर अडलं.

हवालदार तळवार म्हणाले, जे खरं ते सांगा.
मी म्हटलं, लुमाण्णानं मारलं, खरं…
त्यांनी पेन उचललं.
खरं, पुढे?

पुढे न्हाणीचं पाणी होतं.
आमच्या न्हाणीचं, त्याच्या परड्यात जाणारं.
बावीस वर्षं त्याच पाण्यावर त्याचं अळू पोसलं,
यंदा त्यानं भिंत घातली
आणि पाणी एकाएकी घाण झालं.
पुढे खोऱ्याचा दांडा.
पुढे माझी भुवई.
पुढे मल्लव्वा, त्याचीच बायको,
जिनं पदर फाडून माझं कपाळ बांधलं
आणि गाठ मारता मारता मलाच शिव्या घातल्या.
यातलं किती मावतं, साहेब, तुमच्या कागदात?

आधी सिव्हिलला जाऊन या, ते म्हणाले.
चार टाके.
डॉक्टरनं जखमेला पट्टी लावून मोजमाप लिहिलं.
नवऱ्यानंसुद्धा माझी भुवई
इतकी निरखून कधी पाहिली नव्हती.

तक्रार कन्नडमध्ये उतरली,
रताळ्याच्या वेलासारखी
एकमेकांत शिरलेली गोल अक्षरं.
इल्लि सही माड्री.
मी खाली मराठीत लिहिलं, शेवंता मारुती किणयेकर,
वर रेघ ओढली.
त्या रेघेच्या वर काय होतं
मला ठाऊक नव्हतं.
बाकावरची एक अनोळखी बाई कानाशी आली,
प्रत मागून घे गं, फुकट असते.

गल्लीत कन्नड वाचणारी दोनच माणसं.
एक पोस्टमन, तो रजेवर.
दुसरी दीक्षा, लुमाण्णाची लेक.
दिवे लागल्यावर भिंतीवरून तिचा हात आला.
दे कागद, काकी.
आरोपीच्या जागी बापाचं नाव तिनं
शाळेतल्या हजेरीसारखं वाचलं.
आवाज हलला नाही.
एका ओळीवर मात्र बोट थांबलं.
इथं लोखंडी गज लिहिलंय.
लाकूड होतं, काकी.

वकीलबाई हलगेकर, सरकारी मदतीतून फुकट मिळालेल्या,
टेबलावरची फाईल सरकवून बोलल्या.
ही केस चालू दे.
तहसीलदारासमोर त्याच्याकडून लिहून घेऊ
वर्षभर हात उचलणार नाही म्हणून.
पाण्याचा दावा दिवाणीत वेगळा, त्याला वेळ लागतो.
तोही उलट तक्रार देईल, घाबरू नका.
लोकअदालतीत मिटवायचं झालं तर तेही आहे,
तुमची मर्जी असेल तर, गल्लीची नव्हे.
आणि गज राहू दे. गजानं वजन येतं.

वजन.
त्या रात्री टाके ठणकत होते.
दांड्याला काय कमी वजन होतं?

सकाळच्या पहिल्या बसनं ठाण्यात गेले.
तळवार चहा पीत होते.
म्हटलं, साहेब, जबाब वाढवून लिहा.
गज नव्हता, दांडा होता.
म्हणजे मारलं नाही?
मारलं. खरं गजानं नाही.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, भुवईकडे बघितलं,
कप बाजूला ठेवला
आणि लिहायला घेतलं.
वकीलबाई माझ्यावर दोन दिवस फोनवर तडकल्या होत्या.

तारीख सोळाला आहे.
तोवर न्हाणीत बादली लावते,
भरली की उचलून रस्त्याकडेला ओतते.
लुमाण्णा मला बघून चप्पल शोधायला वाकतो,
पायात असतानासुद्धा.
दीक्षा कॉलेजला जाताना काकी म्हणते,
पूर्वीपेक्षा हळू.
भिंतीपलीकडे अळूची पानं कडेनं पिवळी पडायला लागलीत.
मल्लव्वा पाणी घालत नाही.
मला दिसतंय सगळं,
खरं