वाट्याला आलेलं

विल्यांदीच्या तळ्यावर अजून बर्फ होतं,
मधोमध तडकलेलं, तरी एकसंध.
हेल्यूबाईंनी मला शिकवणीला बोलावलं होतं
आणि विसरून गेल्या होत्या, की आज वाटणी आहे.
'बसा,' म्हणाल्या, 'हेही व्याकरणच.'

वकील चष्मा पुसत वाचत होता:
घरातला एक तृतीयांश ओसा,
पाइनच्या रानातला एक षष्ठांश ओसा.
त्रीनू उशिरा आली, केसांत बर्फाचे कण,
म्हणाली, मलाही ओसा मिळाला,
नाटकात, म्हातारीचा, दोनच वाक्यांचा,
पण शेवटचा पडदा माझ्यावर पडतो.
वकिलानं चुकून तेही लिहून घेतलं.

नातू कारेल तार्तूच्या प्रयोगशाळेत
ओसाके मोजतो. त्याच शब्दाचं पिल्लू,
इतकं बारीक, की त्याला वाटून घेणारा
अजून जन्माला यायचाय.

तोइवो गप्पच. तळघरातून
तो बापाची पेटी घेऊन वर आला.
झाकणावर एन्देलचं टोकदार अक्षर: वारुओसाद.
सुटे भाग.
नट, वायसर, गंजल्या स्प्रिंगा, दात पडलेलं एक चाक,
सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरांचं काहीबाही.
ट्रॅक्टर कधीच भंगारात गेले,
शेतं कुणाकुणाची झाली,
भाग तेवढे राहिले. कशाचे, ते सांगणारा माणूस
गेल्या महिन्यात गेला.
'याचे किती हिस्से करायचे?' वकिलानं विचारलं.
कुणी हसलं नाही.

मी आपली वहीच्या कडेला लिहीत होते.
आमच्यात वाटा म्हणजे हिस्सा, वाटा म्हणजे रस्तेही.
पेढे वाटतात, चटणी वाटतात,
आणि कुणी काही न वाटताही
वाटत राहतं आत, कारण नसताना.
संत्र्याची फोड, फणसाचा गरा,
लसणीची पाकळी, नारळाची कवड:
जे जे सुटं झालं त्याला आम्ही वेगळं नाव दिलं.
हे त्यांना सांगायला माझ्याकडे
त्यांच्या भाषेतली वीस-पंचवीसच क्रियापदं होती.

हेल्यूबाई पाव कापायला उठल्या.
राईचा, काळा, जड,
छातीशी धरून, सुरी स्वतःकडे ओढत.
'लक्ष द्या. लेइवा खाल्ला म्हणजे अख्खा,
संपला. लेइबा खाल्ला म्हणजे त्यातला थोडा,
अजून आहे. ही अंशाची विभक्ती.'
(विभक्ती! आमच्या तर शब्दातच वाटणी.)
'आणि प्रेम करणे, हे क्रियापद
कायम हीच विभक्ती घेतं.
अख्ख्या माणसावर चालत नाही ते.
मुलं चुकायची. मी लाल शाईनं खोडायचे,
एकेचाळीस वर्षं.'

सुरी पावात अडकली होती.
'दवाखान्यात रोज सकाळी डॉक्टर यांना विचारायचे, तेर्वे?
तेर्वे म्हणजे निरोगी. तेर्वे म्हणजे अख्खाही.
हे म्हणायचे, कुठल्या अर्थानं विचारताय?'

आता मात्र त्रीनू हसली, मग नाक पुसू लागली.
मला धड आठवलं.
मानेखालचा उरलेला तो धड,
आणि न मोडलेलंही धड.
पडलेल्याला आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो,
धड आहेस ना?
तेवढं मी सांगितलं, खाणाखुणांनी,
माझीच मान माझ्याच हातानं कापून दाखवत.
वकिलानं फाईल मिटली.

निघताना तोइवोनं ते दात पडलेलं चाक
कोटाच्या खिशात टाकलं. कुणी नोंद केली नाही.
हेल्यूबाईंनी मला चतकोर पाव
वर्तमानपत्रात बांधून दिला,
फी घेतली नाही.
'अर्धाच धडा झाला,' म्हणाल्या.