कुडी

अनगोळ नाक्यावरचा केळीवाला
काळी पडलेली दोन केळी माझ्यासाठी बाजूला ठेवतो.
"आल्या चिलटांच्या बाई."
सापळ्याला लागतात, बाटलीतून निसटलेल्यांसाठी.
आत राहणाऱ्यांचा स्वयंपाक वेगळा:
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगार.
भरमा तो सकाळी सातलाच ढवळत असतो
आणि अख्ख्या मजल्यावर
कुणाच्या तरी बारशाचा वास.

काल एका बाटलीला
साखरपाण्यातून थोडं विष दिलं,
मरतील इतकं नाही.
आज चिमट्याने माशीचं आतडं ओढून घेतलं.
ओल्या शेवईसारखं, असं लिहिणार होते,
पण मग शेवई खाता येत नाही.

भिंतीला भगदाडं पडलीत.
आणि तळाशी, कालपर्यंत नुसत्या बसलेल्या
बारक्या मूळपेशी दुणावत निघाल्यात.
एक तशीच राहते, एक कामाला जाते.
कुणी सांगितलं त्यांना?
शेजारणीने. मरता मरता निरोप ठेवून गेली.

निरोप तिथं थांबला नाही.
चरबीला कळला, मेंदूला कळला,
बिजांडकोशाने अंडी तूर्त रोखून धरली.
माशीच्या अंगात रक्ताला वाटा आखलेल्या नसतात,
चिठ्ठी सोडली की सगळीकडे.
ती कुठल्या भाषेत असते
हे आमच्या गावात मोठ्याने विचारू नये.

शिवलीलाला अकराला हुक्केरीहून फोन आला.
आईला दवाखान्यात नेलंय.
ती पुन्हा भिंगावर वाकली, म्हणाली,
"करुळु चुरक् अंतु."
म्हटलं, आमच्यात आतडं तुटतं.
"आणि पोरीला म्हणतात करुळिन कुडी.
आतड्याचा कोंब."
मी म्हटलं, कुडी म्हणजे आमच्यात अख्खं शरीर.
दोघींनी एकदमच खाली पाहिलं.
काचेवर एक हिरवा ठिपका,
अजून कोंबही नाही, शरीरही नाही.

तिला चारच्या गाडीत बसवून आले.
तिच्या उरलेल्या स्लाइड मीच मोजल्या,
दोनदा चुकले.

दिवे घालवताना भरमा म्हणाला,
"का वो बाई,
दोघींचंबी डबं भरल्यालंच कसं?"