दोनशे वीस मीटरचा इम्पेलर

दस्तगीर शिकलगार चालत्या पंपाला
स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटतात, म्हणतात,
"खडे चावतोय ह्यो."

खडे नसतात.
दाब घसरला की पाणी थंडच्या थंड उकळतं,
बुडबुडे फुटतात पात्यावर
आणि ब्राँझच्या अंगावर उठतात
देवीचे व्रण.

शिरोळहून तिसरा पंप परत आला.
आत कुठं काय होतंय ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं
पुण्याहून कोटेशन आलं.
मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
"शून्य एखादं जास्त पडलंय का बघ गं."
पडलं नव्हतं.

म्हणून सोमवार.
सोमवारी उद्यमनगर बंद, लेथ झाकलेले,
आणि सगळी वीज माझ्या एकटीची.
भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं,
काळ्या पडद्यावर एक रेघ, उघडमीट, उघडमीट.
पासवर्ड विचारते. टाइप करावा तर
ठिपकाही उमटत नाही;
अंधारात दाराची कडी चाचपावी तसं.

फुकटातली तीन सापडली.
एकाला सात वर्षांत कुणी हात लावला नव्हता.
दुसऱ्याला हवं होतं माझ्या पगाराएवढं ग्राफिक्स कार्ड.
तिसऱ्याची भाऊबंदकी झालेली :
एकाच नावाची दोन घरं,
दोन्ही म्हणतात, मूळ चूल आमचीच.
मी धाकट्याकडे गेले. कारण काही नाही,
त्याच्या पायऱ्या नीट लिहिलेल्या होत्या.

पायऱ्या नीट होत्या, जिना नव्हता.
हे पॅकेज त्या लायब्ररीवर अडलेलं,
ती लायब्ररी आणखी तिसरीवर,
तिसरी हवी होती नववी आवृत्ती, घरात अकरावी.
नवी असून चालेना.
जुनी शोधली, शेजारी बसवली, दोघींची गाठ पडू दिली नाही.
मग साडेचार तास
पडद्यावरून मुंग्यांसारख्या ओळी, पंख्याची घरघर,
आणि मी डबा उघडून मेथीची भाजी गार खाल्ली.

"फुकट म्हंजे? देतंय कोण?"
किल्ल्या विसरले म्हणून आलेल्या चाचांनी विचारलं.
म्हटलं, माहीत नाही. कुठकुठली माणसं.
"मागून काय घेत्यात?"
चूक सापडली तर कळवा म्हणतात.
चाचा जरा थांबले.
आपण पलीकडच्या शॉपातनं बोअर गेज आणतो,
परत देताना तेल लावून देतो.
"आसंच की मग," म्हणाले, आणि स्टूल ओढलं.

पहिल्यांदा चालवलं.
वेगाच्या आकड्याला शेपूट फुटलं,
शेपटाला शेपूट, मग आकडाच संपला,
पडद्यानं हात टेकले.
चाचा हसले, "एवढं पाणी महापुरातबी नव्हतं गं!"

रात्री दहाला कळलं.
मी मापं मिलिमीटरात दिली होती,
त्यानं मीटर धरले.
दोनशे वीस मीटरचा इम्पेलर,
मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे,
रंकाळ्यात सोडला असता तर
घाटासकट तळं शिंगणापूरच्या पलीकडे जाऊन पडलं असतं.
हजारानं भागलं. एक ओळ.
दिवसभराच्या शहाणपणावर एक ओळ.

मग रेषा उतरू लागल्या, आधी दचकत, मग सावकाश,
आणि पात्याच्या पोटाशी उमटला
निळा डाग. कमी दाब. इथं.

"हितं नव्हं," चाचा म्हणाले. "जरा मुळाकडं."
तेलकट नख काचेवर टेकवलं.

परत आलेला इम्पेलर बाकावरच होता.
टॉर्च मारला.
खड्डे मुळाकडे होते.

माझी जाळी तिथं जाड विणलेली.
नखाच्या ठशाभोवती ती बारीक करते आहे,
काच पुसलेली नाही अजून,
आणि चाचा किल्ल्या पुन्हा विसरून गेलेत.