समुद्र सरळ करताना

पहिलं सॉफ्टवेअर उघडलं, तर
जहाजाचं इंजिनघरच: नळ्या, झडपा, चाकं.
हात कुठे लावावा कळेना.
दुसऱ्यानं आधी कार्डाचा नंबर मागितला.

तिसरं नातीनं बसवून दिलं.
चारच बटणं. काप. फिरव. उजळ. मागे घे.
"एवढंच?" म्हणाला बोगुमिव,
ग्दिन्याच्या गोदीतला जुना वेल्डर.

फोटोत हाल्श्का, धक्क्यावर उभी,
मागे समुद्र, डावीकडे कललेला.
पाणसळ लावून लावून मुरलेल्या डोळ्यांना
तो एकवीस वर्षं खुपत होता.

फिरव.
अर्धा अंश. अजून जरासं.
समुद्र आला पाणसळीत
आणि हाल्श्का,
वाऱ्यानं तोल जावा तशी,
चौकटीबाहेर झुकली.

चहा निवेपर्यंत तो बघत राहिला.
मग दाबलं चौथं बटण.

सांडू दे समुद्र.